टाचेतला थेंब आणि रेणूंची टक्कर

दोन-तीन दिवसांचं बाळ. नर्स त्याच्या टाचेला सुई टोचते आणि रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून घेते. बाळ रडतं, आईचा जीव कळवळतो. त्या वाळलेल्या डागात नेमकं काय शोधतात? आज तेच समजून घेऊ.

फिनाइलअलॅनिन हे अमिनो आम्ल आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं. पण पीकेयू नावाचा जन्मजात आजार असेल, तर शरीराला ते नीट वापरता येत नाही. ते साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. वेळेत कळलं, तर खास आहाराने हे नुकसान टाळता येतं. म्हणून घाई.

मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात रेणूला आधी एक प्रोटॉन चिकटवतात. झाला तो आयन, वस्तुमान १६६. यंत्र फक्त १६६ वाले आयन पुढे सोडतं. पण रक्तात याच वस्तुमानाचं दुसरं काही असलं तर? मग खात्री कशी करायची? सोपं आहे: फोडून बघायचं!

पुढच्या कप्प्यात विरळ आर्गॉन वायू भरलेला असतो. आर्गॉन कशाशी सहसा संयोग करत नाही, नुसता आडवा येतो. वेगात आलेला आयन त्याच्या अणूंवर आदळतो. वेगाची काही ऊर्जा आयनाच्या आत शिरते, त्याचे बंध थरथरतात आणि कच्चा बंध तुटतो.

वायू कोणता, यालाही महत्त्व आहे बरं का. आयनाची ऊर्जा २० इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली, तर आर्गॉनशी एका टकरीत जास्तीत जास्त ४ च्या आसपास आत जाऊ शकते. हलक्या हेलियमशी? अर्ध्याहूनही कमी.

फिनाइलअलॅनिन फुटताना ४६ गमावतं: पाण्याचे १८, कार्बन मोनॉक्साइडचे २८. उरतो १२० चा तुकडा. आत १६६, बाहेर १२०, ही त्याची ओळख.

ही युक्ती दर वेळी पुरत नाही. ल्युसिन आणि आयसोल्युसिन, दोघंही १३२ चे आणि दोघांचाही मुख्य तुकडा ८६ चा. तिथे वेगळी तपासणी लागते.

पण पीकेयूच्या बाळासाठी ती टक्कर आयुष्यभराचा फरक घडवते. भेटू पुढच्या भागात!