शिडाच्या नौकेवर सूर्यतेज

दूरच्या सफरीस निघालेल्या शिडाच्या नौकेस चालावयास वारा पुरतो. परंतु दिव्यांस वीज लागते, आणि दिवा विझलेली नौका रात्रीं मोठ्या जहाजास सहसा दिसत नाहीं. ही वीज सोलर पॅनेलनें मिळवावी, तर पहिली वैरीण खुद्द डोलकाठीची सावली! पॅनेलमधील विद्युत्घट एकापुढें एक सांधलेले असतात. एकावर सावली पडली कीं इतरांचाही प्रवाह खुंटूं लागतो. (एकत्र कुटुंबांत हा अनुभव नवा नव्हे!) म्हणून नौकेच्या पिछाडीस कमान उभारून तीवर पॅनेल बसवितात. 100 वॅटचें पॅनेल तेवढी वीज देतें तें फार तर भर माध्यान्हींच. बॅटरीलगत फ्यूज हवाच. तार मात्र कथिलाची कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. नुसतें तांबें खाऱ्या हवेंत लवकर खराब होतें.