उत्तरा नक्षत्रातला पाला

या मंडळाला नोंदणी क्रमांक नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. वार्षिक सभा मात्र चुकत नाही. सप्टेंबरच्या मध्याला सूर्य उत्तरा नक्षत्रात शिरला, की लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळच्या टेकडीवर माणसं चढू लागतात. टेकडीचं नाव संजीवनी बेट. माणसं येतात ती पाला खायला. कुणाचे सांधे धरलेले, कुणाला शुगर, कुणाची नुसतीच हौस. एखादा जाणता पान खुडून हातावर ठेवतो, नाव सांगतो. घेणारा ते चावतो, तोंड वाकडं करतो आणि मागून येणाऱ्याला तेच नाव सांगत वर जातो.

मारुतीराया द्रोणागिरी घेऊन लंकेकडे निघाले तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला, असं गावात सांगतात. असे तुकडे तमिळनाडूतही पडले आहेत. वाटेत बरंच सांडलेलं दिसतं. पण कथा बाजूला ठेवली तरी टेकडी विलक्षण आहे, आणि तिचं कारण पुराणात शोधायची गरज नाही. खाली नजर टाकली की पुरे. चहूकडे काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. लातूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक; वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आतलं. सपाट काळ्या रानात नांगर फिरला, मग तणनाशक फिरलं, आणि बांधावरचं हिरवं गेलं. टेकडीच्या मुरमाड उतारावर नांगर चालत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा थर झिजून वर जी पातळ माती राहिली, तिच्यात पीक येत नाही, म्हणून बाकी सगळं येतं. जे रानातून हाकललं गेलं, त्यातलं बरंच अशा टेकड्यांवर टिकून आहे.

आता प्रश्न उत्तराचा. आश्लेषा का नाही, हस्त का नाही?

आपली सणवारांची तिथी चंद्रावर चालते, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात. आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले, तर एकेका भागात तो तेरा-चौदा दिवस राहतो. मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतं, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, आणि माणसाच्या आयुष्यभरात हे गणित जेमतेम एका दिवसानं सरकतं. मृगात उगवलेलं रोप उत्तरेपर्यंत पुरतं वयात आलेलं असतं. पानं भरलेली, फुलं लागलेली, खालच्या बाजूला फळही धरलेलं. वनस्पती ओळखायची तर फूल लागतं. नुसत्या पानावर विसंबणारा हमखास फसतो. लिनीयसनं १७५३ साली जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा त्यानंही फुलातले केसर मोजूनच वर्ग पाडले होते. पंधरा दिवसांनी ऑक्टोबरचं ऊन तापलं, की हाच उतार तांबूस, वाळका होतो. म्हणजे ओळख पटायला आणि ताजा पाला मिळायला वर्षातला सगळ्यात सोयीचा पंधरवडा तोच. ज्यानं कुणी ही वेळ ठरवली, त्याला वनस्पतिशास्त्राची पदवी नसेल, डोळे नक्की होते. गंमत म्हणजे केंद्र सरकारनं २०२५ पासून आयुर्वेद दिनाची तारीख धनत्रयोदशीवरून हलवून २३ सप्टेंबर अशी कायमची ठरवली. ती बरोबर उत्तरेत पडते.

पण पाल्यात असतं काय? झाडाला पळता येत नाही. किडा आला, गुरं आली, ऊन आलं, तरी उभ्या जागी निभावायचं. म्हणून झाड रसायनं बनवतं: कुणाला कडू लागणारी, कुणाला विषारी, कुणाची भूक मारणारी. आपण ज्याला औषधी गुण म्हणतो तो बहुतेक वेळा झाडाच्या भांडणाचा उरलेला दारूगोळा असतो.

गुडमार घ्या. झुडपांवर चढणारी साधी वेल, पान बोटभर, किंचित लवदार. एक पान नीट चावून तोंडभर फिरवा, थुंका, आणि मग चमचाभर साखर जिभेवर ठेवा. साखर गोड लागत नाही. दाण्यांची खरखर कळते, ते विरघळतात हेही कळतं, पण चव वाळूची. पेढा घ्या, खव्याचा चिकटपणा लागेल, गोडी गायब. मीठ मात्र खारट, लिंबू आंबट. अर्ध्या तासानं गोडी आपसूक परत येते. १८८७ साली उटीला सिंकोनाच्या कामावर असलेले सरकारी रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी या पानातून जिम्नेमिक आम्ल वेगळं काढलं. आज त्यामागची यंत्रणाही उलगडली आहे: जिभेवर गोडी ओळखणारी एक प्रथिनांची जोडी असते, जिम्नेमिक आम्ल तिच्यातल्या एकीला जाऊन चिकटतं, आणि मेंदूला साखर आल्याचा निरोपच जात नाही. उंदरावर हा प्रयोग फसतो. त्याचं हे प्रथिन जरा वेगळं आहे. जिभेवरची गोडी मारणं आणि रक्तातली साखर उतरवणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर संशोधन चालू आहे. पहिली तुम्ही पाच मिनिटांत स्वतः पाहू शकता.

घोळीची भाजी तर मराठवाड्यात घरोघर. मांसल पान, तांबूस देठ, डाळ घालून केलेली आंबूस भाजी. ही भाजी सकाळी जास्त आंबट असते, विशेषतः पावसानं ओढ दिलेली असली की. पाण्याची टंचाई झाली की घोळ दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा दारं बंद ठेवून त्याच साठ्यावर अन्न बनवते. पहाटे साठा भरलेला, म्हणून आंबट; संध्याकाळी संपलेला, म्हणून सपक. निवडुंगाची जातही असंच करते. पण घोळीकडे उसा-मक्यासारखी कडक उन्हात वेगानं अन्न बनवायची दुसरी यंत्रणाही आहे. या दोन्ही यंत्रणा एका झाडात, त्याही एकाच पेशीत नांदतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिलं. दुष्काळी मुलखात टिकायचं तर कसं, हे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना वेगळं सांगायला नको. आपण हिला तण म्हणून उपटतो. (मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र बेतानं खावी, ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.)

बावची त्याहून अजब. काळ्या मातीत, बांधाला, पडीक रानात येणारं कंबरभर झुडूप; पान उजेडाकडे धरलं की त्यावर ठिपके दिसतात, बी काळं आणि वासाचं. कोडावर बावचीचं बी लावून उन्हात बसायचं, असा उपाय आयुर्वेदात जुना आहे. ऊन कशाला? तर बियांतलं सोरालेन नावाचं द्रव्य अंधारात फारसं काही करत नाही. ते त्वचेच्या पेशीत शिरून डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांची वाट पाहतं. किरण पडले की तिथं पक्कं जोडलं जातं, आणि एवढ्या उलाढालीत रंग बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात. सोरालेनच्या गोळ्या आणि यंत्रातले मोजून दिलेले किरण, असा उपचार १९७४ पासून जगभरच्या त्वचारोग विभागांत रूढ झाला. मोजून हा शब्द महत्त्वाचा. घरच्या घरी बी वाटून लावणाऱ्यांना भाजल्यासारखे फोड येतात.

आणि कळलावी. पावसात कुंपणावर चढते, फूल आधी पिवळट हिरवं, मग भडक लाल, पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. पण पाहायचं ते पान. चढण्यासाठी वेगळा ताणा नाही. प्रत्येक पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं आणि काडीला विळखा घालतं. कंद नांगराच्या आकाराचा आणि जीवघेणा, कारण त्यात कोल्चिसिन असतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ज्या धाग्यांनी ओढली जातात, ते धागेच हे द्रव्य बनू देत नाही. म्हणून ते विष. आणि म्हणूनच गाउटवरचं औषध, आणि बिनबियांच्या कलिंगडाचं मूळही तेच, कारण १९३७ पासून पैदासकार त्याचाच वापर करून झाडांची गुणसूत्रं दुप्पट करतात. या वेलीला काही ठिकाणी बचनागही म्हणतात. बचनाग नावाची आणखी एक वनस्पती हिमालयात होते, ती संपूर्ण निराळी आणि तितकीच घातक. नावावर औषध घेणाऱ्यानं एवढं तरी ध्यानात ठेवावं.

माझ्या मते औषधी वनस्पतींच्या सगळ्या शास्त्रात ओळख पटवणं हेच सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. करोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती हे तपासलं कुठं? दोष वेलीचा की ओळखीचा हा वाद पुढेही चालला. गुळवेलीची एक भावकी आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात, आपल्या गुळवेलीच्या खोडाची साल कागदासारखी सुटते. पान दोघींचंही हृदयाच्या आकाराचं. काढा झाल्यावर फरक कोण सांगणार?

ओळख पटवण्याचं हे काम मराठवाड्यात फार निष्ठेनं झालं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली आला. अशा ग्रंथामागे असतात त्या रानातून आणलेल्या फांद्या: फुलाफळांसकट तोडायची, जुन्या वर्तमानपत्रात पसरून दाबायची, कागद रोज बदलायचे, वाळली की जाड पुठ्ठ्यावर चिकटवून गाव, तारीख, संकलकाचं नाव लिहायचं. शंभर वर्षांनीही तो पुठ्ठा साक्ष देतो, की त्या दिवशी, त्या गावी ही वनस्पती होती.

हीच ओळख कागदाबाहेर पाहायची तर नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरकडे जायचं. पैनगंगेच्या अंगानं सागाचं रान, आणि गोंड, कोलाम, आंध, प्रधान समाजांची वस्ती. तिथल्या बायकांना पुठ्ठा लागत नाही. राज्याच्या कृषी विभागानं २०२० पासून ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या निमित्तानं जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले, आणि या बायका आपल्या पाट्या घेऊन शहरात येऊ लागल्या: तरोटा, कुर्डू, पाथरी, केना, कुंजर, आणि अर्थात करटुली. करटुल्याचा भाव ऐकून नोकरदार माणूस दोनदा विचार करतो. पण त्याची वेल परसात लावून पाहा म्हणजे भाव कळेल. नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. दोन्ही जवळ नसतील तर फळ नाही. फूल उमलल्यावर पाकळीच्या मागे पाहा: मादीच्या फुलामागं हरभऱ्याएवढं काटेरी करटुलं आधीच बसलेलं असतं, नराच्या मागं नुसता देठ. पाटीवाल्या मावशींना हे एका नजरेत कळतं. त्यांना विचारणारं कुणी भेटलं की त्या भरभरून सांगतात. लोक नुसता भाव विचारतात.

राहता राहिली संजीवनी. उत्तराखंड सरकारनं २०१६ मध्ये तिच्या शोधासाठी २५ कोटींची घोषणा केली होती. त्याआधी २००९ साली बंगळूरच्या के. एन. गणेशय्या आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हाच शोध कागदावर घेतला: देशातल्या भाषांमध्ये संजीवनी किंवा तत्सम नाव असलेल्या वनस्पती गोळा केल्या, एकेक गाळत आणल्या. शेवटच्या दावेदारांत एक होती सेलाजिनेला, खडकावर वाळून मुठीसारखी आवळलेली, पाणी पडताच काही तासांत हिरवी होऊन उलगडणारी. दुसरी रुदंती, जी पर्वतावर नाही, खारवट मातीत जमिनीलगत पसरते. निर्णय त्यांनी दिला नाही, आणि ते मला शास्त्राला धरून वाटतं.

बेटावर या उत्तरेत जाणार असाल तर जाणत्याला सोबत घ्या, फुलाचा फोटो काढा, नाव लिहून घ्या, ओळख पटल्याशिवाय काही तोंडात टाकू नका. पान खुडा, मूळ उपटू नका. तो उतार संपला तर आजूबाजूच्या सोयाबीनमध्ये दुसरा उतार सापडायचा नाही. आणि पाला खाल्ला म्हणून मधुमेहाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.