विश्लेषण : पनवेल ते सिंगापूर, चार रात्री, सहा माणसं... आणि फराळाच्या डब्यातली खसखस!

दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन परदेशातलं एखादं शहर पाहून यायचं, असा बेत पनवेल परिसरातल्या अनेक घरांत शिजतो. चार रात्रींसाठी सिंगापूर हा त्यातला सोपा पर्याय. मुंबईहून साधारण साडेपाच तासांचं विमान, घड्याळ फक्त अडीच तास पुढे, नळाचं पाणी पिण्याजोगं आणि रात्री अकरा वाजताही लहान मुलांना घेऊन रस्त्यावर फिरता येतं. मात्र तिथले नियम कडक आहेत आणि त्यातले काही थेट आपल्या स्वयंपाकघराशी येऊन भिडतात.

अनारशांनी काय गुन्हा केला?

गुन्हा अनारशांचा नाही, खसखशीचा आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातल्या बिया. त्यांच्यावर मॉर्फिनसारख्या घटकांचा अंश राहू शकतो. त्यामुळे सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने खसखस निषिद्ध वस्तूंत धरली आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियातही ती नेता येत नाही. आपल्याकडे मात्र अनारसे खसखशीवरच थापले जातात. करंजीच्या सारणात ती असते, काही घरांच्या कांदा-लसूण मसाल्यातही असते. नातेवाइकांसाठी मसाल्याची पुडी नेताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चिवडा, चकली, शंकरपाळे न्या. अनारसे आणि करंज्या घरीच खाऊन निघा. ‘थोडीशीच आहे’ हा युक्तिवाद अमली पदार्थांच्या बाबतीत सिंगापूरमध्ये करून पाहण्याजोगा नाही.

दुसरी अडचण आजी-आजोबांची. चघळायची तंबाखू, गुटखा यांना सिंगापूरमध्ये पूर्ण बंदी आहे. मशेरीही धूरविरहित तंबाखूच. रायगडात मशेरीची डबी असलेली घरं आजही कमी नाहीत, त्यामुळे हा विषय निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी काढलेला बरा. सिगारेटवर करमुक्त सवलत नाही, म्हणजे पहिल्या सिगारेटपासून शुल्क लागतं. ई-सिगारेट आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे, तिथेही बंद आहे. च्युइंगमचा नियम जगप्रसिद्ध आहे, तो १९९२ पासूनचा.

औषधांचं काय? रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटातच न्याव्यात. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना मात्र तिथल्या आरोग्य यंत्रणेची आधी परवानगी लागू शकते. आजोबा रात्री ‘अर्धी गोळी’ घेत असतील, तर ती नेमकी कोणती, हे एकदा पाहून घ्या.

विमान नेमकं कुठून?

हा प्रश्न पनवेलकरांसाठी नवा आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. ज्या गावांनी यासाठी उलव्याची टेकडी सपाट होताना पाहिली आणि घरं सोडली, त्यांच्यासाठी या विमानतळाची गोष्ट वेगळी आहे. ती या लेखात मावणारी नाही.

प्रवाशांच्या दृष्टीने मुद्दा असा, की शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळ दिसू शकतात. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे आपलं उलवे. जोडविमानाच्या स्वस्त तिकिटात पहिलं विमान एकीकडून निघून परतीचं दुसरीकडे उतरत नाही ना, हे पाहा. गाडी एका विमानतळावर लावून दुसऱ्यावर उतरलात, तर तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील. विमान सहारहून असेल तर सायन-पनवेल मार्ग आणि वाशी खाडीपुलावरचा वेळ धरूनच निघावं लागतं.

कागदपत्रांत कुठे अडकतं?

बहुतेक वेळा मुलांच्या पासपोर्टवर. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा, अल्पवयीन मुलांचा साधारण ५ वर्षांचा. आई-बाबांचा पासपोर्ट अजून बराच चालणार असतो, म्हणून मुलांचा पाहिलाच जात नाही. सिंगापूरला पोहोचताना तो किमान सहा महिने वैध हवा.

भारतीयांना व्हिसा लागतो, अगदी तान्ह्या बाळालाही. तो अधिकृत एजंटमार्फत काढतात. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. त्याशिवाय प्रत्येकाचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे. गुगलवर शोधल्यावर त्यासाठी पैसे मागणारं पान उघडलं, तर ते सरकारी नाही, एवढं समजून बंद करा.

रात्री कुटुंबाने करायचं काय?

आपल्याकडे ‘नाइटलाइफ’ म्हटलं की आई-बाबांच्या भुवया वर जातात. पनवेलमध्ये रात्रीची कौटुंबिक फेरी फार तर हायवेवरच्या ढाब्यापर्यंत. सिंगापूरची रात्र मात्र दिवसापेक्षा सुसह्य असते, कारण दिवसाचा दमटपणा कोकणाला लाजवेल असा आहे. ज्येष्ठांना घेऊन दुपारी हॉटेलवर विश्रांती आणि संध्याकाळी बाहेर, हा क्रम जमतो.

‘गार्डन्स बाय द बे’मध्ये २५ ते ५० मीटर उंचीचे कृत्रिम महावृक्ष आहेत. त्यांच्याखाली रोज ७.४५ आणि ८.४५ ला होणारा प्रकाश-संगीताचा खेळ मोफत असतो. लोक जमिनीवर पाठ टेकून वर बघतात. आजींसाठी एखादी चटई न्यायला हरकत नाही. मरिना बे सँड्ससमोरचा पाण्यावरचा खेळही फुकट. त्याच इमारतीतल्या कॅसिनोत मात्र २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

मंडईची नाइट सफारी १९९४ मध्ये सुरू झाली. हे निशाचर प्राण्यांचं जगातलं पहिलं प्राणिसंग्रहालय. ट्राममधून बसून पाहता येत असल्याने गुडघेदुखीवाल्यांनाही झेपतं. गोची परतीची आहे. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, मग गाडी लागतेच. आणि १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी अ‍ॅपवरच्या खासगी गाडीत लहान मुलांची सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे, साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. सहा माणसं एका गाडीत ‘अ‍ॅडजस्ट’ होत नाहीत. दोन टॅक्सी धरा, हिशेबही तसाच करा.

जेवणासाठी शाकाहारी मंडळींना लिटल इंडियाचा आधार. सेरंगून रोडवरचं ‘कोमल विलास’ १९४७ पासून चालू आहे. हॉकर सेंटरमध्ये स्वस्तात जेवता येतं. तिथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा ‘धरलेली’ आहे, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी. जेवून झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवणं मात्र २०२१ पासून सक्तीचं आहे. सार्वजनिक जागी रात्री १०.३० ते सकाळी ७ मद्यपानाला बंदी आहे. लिटल इंडियात तर शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. मेट्रोत पाण्याचा घोट घेतला तरी तो नियमभंगच. खाण्यापिण्याला दंड ५०० डॉलरपर्यंत.

टीसीएसचा पॅन कुणाचा द्यायचा?

टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की बिलावर टीसीएस लागतो. १ एप्रिल २०२५ पासून तो १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्याची घोषणा झाली. हा जादा खर्च नाही, प्राप्तिकरात वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर बिल, त्याच्याच खात्यात. पैसे आजोबांनी दिले म्हणून त्यांचा पॅन दिला आणि ते विवरणपत्रच भरत नसतील, तर परतावा मिळवण्यासाठी त्यांना ते भरावं लागेल. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

खरेदी करणार असाल तर तिथला ९ टक्के जीएसटी पर्यटकांना परत मागता येतो. त्यासाठी दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी आणि पासपोर्ट हवा. वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असतील, तर बॅग काउंटरवर देण्याआधीच परताव्याच्या यंत्रावर जायचं. आधी बॅग दिली आणि तपासणीसाठी वस्तू मागितल्या, तर दाखवायला हातात काही राहत नाही.