तिसऱ्या सायकलपटूची वेळ

दोन हमाल मिळून एक जड पेटी ट्रकमध्ये चढवतात. दिवसअखेर किती पेट्या चढल्या हे मोजता येते. परंतु त्यांतील किती भार कोणी उचलला, हे मोजता येत नाही. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1972 साली एका निबंधात हेच उदाहरण घेतले आणि असे प्रतिपादन केले की, अशा कामात अंग चोरण्याचा मोह प्रत्येकास होतो, म्हणून देखरेख करणारा कोणीतरी लागतो. निबंध गाजला आणि पाठ्यपुस्तकांतही गेला. परंतु सामायिक श्रमाचा खरा पेच समजावून घ्यायचा असेल, तर हमालांपेक्षा सायकलपटूंकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

1960 च्या रोम ऑलिंपिकपासून 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत पुरुषांची सांघिक कालशर्यत, म्हणजे टीम टाइम ट्रायल, या महोत्सवात होत असे. प्रत्येक देशाचे चार सायकलपटू, अंतर सुमारे 100 किलोमीटर, आणि संघ ठरावीक अंतराने एकामागून एक सोडले जात. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. शर्यत असते ती घड्याळाशी. या शर्यतीचा एक नियम मात्र फार बोलका आहे. संघाची वेळ म्हणून पहिल्या सायकलपटूची वेळ धरीत नसत आणि चौघांची सरासरीही काढीत नसत. तिसरा सायकलपटू अंतिम रेषा ओलांडी, ती संघाची वेळ.

हा नियम समजण्यासाठी वाऱ्याचा विचार करावा लागतो. सपाट रस्त्यावर वेगाने सायकल चालविणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग एक दशांशाने वाढवायचा तर हवेविरुद्ध लागणारी शक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. परंतु दुसऱ्याच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून चालणाऱ्यास आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम बरेच वाचतात. म्हणून चौघे एका ओळीत धावतात. पुढचा थोडा वेळ वाऱ्याला छाती देतो, बाजूला सरकतो, ओळीच्या शेपटीला लागतो, आणि पाळी दुसऱ्याकडे जाते. रोममध्ये विजयी इटालियन संघाने 2 तास 14 मिनिटे 33 सेकंदांत अंतर कापले. म्हणजे ताशी सरासरी साडेचव्वेचाळीस किलोमीटर! एकट्यादुकट्याला हा वेग शंभर किलोमीटर टिकविणे त्या काळच्या सायकलींवर जवळजवळ अशक्यच होते.

येथे पाठ्यपुस्तकातील प्रश्न उलटा होतो. अर्थशास्त्रज्ञास चिंता असते ती कमी काम करणाऱ्याची. या ओळीत अधिक घातक असतो तो जास्त काम करणारा. बलवान गडी पुढे आल्याबरोबर उत्साहाने वेग वाढवतो आणि नुकतीच आपली पाळी संपवून मागे सरकलेला साथी थकलेल्या पायांनी ओळीचे शेपूट पकडू शकत नाही. तो सुटला की आडोसाही सुटतो, आणि मग तो पुन्हा सापडत नाही. म्हणून जाणता बलवान सायकलपटू वेगाने नव्हे, तर अधिक वेळ पुढे राहतो. ही समज देखरेखीने येत नाही, सहवासाने येते. स्वीडनच्या पेटरसन घराण्यातील चार सख्ख्या भावांनी 1967, 1968 आणि 1969 अशी सलग तीन वर्षे या प्रकारचे जागतिक विजेतेपद मिळविले आणि 1968 साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक पटकावले. (कुटुंब ही सर्वांत जुनी पेढी आहे, हे अर्थशास्त्राला फार उशिरा आठवले.)

आता त्या नियमाकडे वळू. तिसऱ्याची वेळ धरणे म्हणजे संघाला एका माणसाची सूट देणे होय. एखादा पंक्चर झाला वा थकला तर त्याला मागे टाकून पुढे जाता येते. हा एक प्रकारचा विमाच. पण तो एकदाच मिळणारा. सूट वापरून संपली, की उरलेल्या तिघांतील सर्वांत अशक्त गडी हाच संघाचा निकाल होऊन बसतो.

26 ऑगस्ट 1960 रोजी रोममध्ये नेमके हेच घडले. तापमान 40 अंशांच्या आसपास होते. डेन्मार्कच्या संघातील योर्गनसन हा उन्हाच्या त्रासाने पहिल्या फेरीनंतरच बाहेर पडला. उरले तिघे आणि तिघांनीही पोहोचणे भाग होते. शेवटच्या फेरीत तेवीस वर्षांचा क्नुड एनेमार्क येन्सन आपल्याला घेरी येत असल्याचे सांगू लागला. दोन्ही बाजूंनी साथीदारांनी त्याला धरले, अंगावर पाणी मारले, आणि त्याला थोडे बरे वाटल्यासारखे झाले. हात सुटताच तो कोसळला व त्याचे डोके रस्त्यावर आपटले. त्याला ज्या तंबूत नेले, तोही उन्हाने तापलेला होता. त्याच दिवशी दुपारी येन्सनचा मृत्यू झाला.

त्या साथीदारांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी त्याला सोडले नाही, हे माणुसकीला धरूनच होते. पण त्यांना त्याला सोडणे परवडणारही नव्हते. चौथा गडी शाबूत असता तर येन्सन रस्त्याच्या कडेला सावलीत बसू शकला असता. एकाच कृतीत दया आणि हिशेब इतके एकवटावेत की त्यांना वेगळे करता येऊ नये, असे क्वचितच घडते.

पुढे जे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. सायकलपटूंना उत्तेजक औषध दिल्याची बोलवा उठली आणि जगाचे लक्ष गोळीकडे गेले. 1961 साली सादर झालेल्या इटालियन डॉक्टरांच्या अहवालात मृत्यूचे कारण उष्माघात असे नोंदले होते. तरीही उत्तेजकाने मेलेला खेळाडू हीच येन्सनची ओळख पुढे कित्येक वर्षे राहिली. 1968 पासून ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांच्या चाचण्या सुरू झाल्या. त्या आवश्यक होत्या याबद्दल दुमत नाही. परंतु गोळी घेणारा हा एक व्यक्ती असतो, त्याला पकडता येते, शिक्षा करता येते. ऊन, शर्यतीची वेळ आणि तिसऱ्या माणसाचा नियम यांना आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे करणार? कचेरीत एखादा कारकून कामाच्या भाराने आजारी पडला, की चौकशी त्याच्या व्यसनाची होते, भाराची होत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सामायिकपणाची दुसरी बाजू दिसली. तिसऱ्या आलेल्या डच संघातील आड व्हान डेन हूक याच्या चाचणीत कोरामिन आढळले. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला ते चालत होते, ऑलिंपिक समितीला चालत नव्हते. शिक्षा चौघांना झाली आणि कांस्यपदक कोणालाच दिले गेले नाही.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ही शर्यत गेली आणि तिच्या जागी वैयक्तिक कालशर्यत आली. व्यावसायिक शर्यतींत मात्र सांघिक प्रकार टिकला आणि नियम बदलत राहिले. 2023 च्या पॅरिस–नीस शर्यतीत तर संघाची वेळ पहिल्या येणाऱ्यावर धरली गेली आणि एकंदर क्रमवारीसाठी प्रत्येकाला त्याची स्वतःची वेळ मिळाली. तेव्हा संघ आपल्या प्रमुखाला आडोसा देत न्यायचे आणि थकलेले साथीदार एकेक करून गळत जायचे. तिसऱ्यासाठी थांबण्याची कोणाला गरज उरली नव्हती आणि तिसऱ्यालाही मागे पडण्याची मोकळीक होती.