पेव्हर ब्लॉकचे काम देताना : ब्लॉकपेक्षा खालचा थर पाहा

दिवाळीच्या सुमारास पाऊस पुरता उघडला की कोकणात घरांची कामे निघतात. घर बांधून, रंगवून झाले की शेवटचे काम उरते ते फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेचे. घरात गाडी आलेली असते, पावसात चिखलात चाके रुततात, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरते. तोवर पैसा संपत आलेला असतो आणि घरमालक रजा संपवून कुवेतला किंवा दुबईला परतण्याच्या घाईत असतो. सबब हे काम गावातल्याच एखाद्या ठेकेदारावर तोंडी सोपवले जाते. पहिल्या पावसाळ्यानंतर चाकांच्या जागी दोन पन्हळी पडतात, त्यात पाणी साचते, आणि दोष ब्लॉकला दिला जातो.

बहुतेक वेळा दोष ब्लॉकचा नसतो. गाडीचे वजन शेवटी पेलतो तो खालचा थर, आणि ब्लॉक बसल्यावर तो दिसत नाही. ठेकेदाराला बचत करायची असेल तर ती तिथेच होते.

हा थर कसा असावा? आधी वरची मऊ माती काढून टाकावी. खालची जमीन पाणी मारून, धुम्मस किंवा रोलर फिरवून ठोकावी. त्यावर मुरूम व खडीचा निदान ६ इंचांचा थर, तोही एकदम न ओतता दोन वेळा पसरून दाबावा. भरावाची किंवा काळी माती असेल तर थर अधिक जाड लागतो. उलट जांभ्याचा कातळ लागला तर कमीतही भागते. त्यावर इंच-सव्वा इंच कच किंवा जाड रेती आणि मग ब्लॉक. खड्डे भरण्यासाठी हा रेतीचा थरच तीन-चार इंच करणारे कारागीर आहेत. तसे करू देऊ नये. रेती सरकते आणि ब्लॉक खचतात. बसवून झाल्यावर सांध्यांत बारीक रेती भरून यंत्राने दाबावे. दोन्ही कडांना काँक्रीटचा पक्का बांध हवाच. तो नसेल तर ब्लॉक हळूहळू बाजूला सरकून फटी पडतात.

ब्लॉकची जाडी मात्र टेपने मोजून घ्यावी. पायवाटेला ५० मिलिमीटर चालतो, गाडीसाठी ६० मिलिमीटरपेक्षा कमी नको. बसल्यावर दोन्ही सारखेच दिसतात! पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक २००६ पासून आहे. माल त्यानुसार आहे काय आणि ओतून किती दिवस झाले, हे कारखान्याला विचारावे.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणून दर १० फुटांना २ इंच उतार ठेवावा, तोही घराच्या उलट दिशेला. इथे स्थानिक माणसाचा खरा उपयोग होतो. डोंगराचे पाणी कोणत्या अंगाने येते, शेजाऱ्याचा पऱ्या कुठे फुटतो, हे बाहेरच्या ठेकेदाराला डिसेंबरात कळणार नाही. सगळे अंगण मात्र झाकू नये. विहिरीच्या बाजूची जमीन मोकळी राहिली तर पाणी मुरते. इंग्लंडमध्ये तर २००८ पासून घरासमोर ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेत पाणी न मुरणारी फरसबंदी करायची आणि पाणी रस्त्यावर सोडायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते.

आता हिशेब. भांडणाचे मूळ पुष्कळदा ‘ब्रास’ या शब्दात असते. फरशीकामात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. खडी-रेतीत १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा वाट ४० फूट लांब व १० फूट रुंद आहे. ब्लॉकचे काम ४ ब्रास झाले. ६ इंची थराला दाबलेला माल २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास लागतो. सैल माल दबतो, तेव्हा गाडीतून अडीच ब्रासच्या आसपास यायला हवा. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणावी व १०० ने भागावे. एवढा माल आलाच नसेल तर थर ६ इंचांचा झालेला नाही, हे उघड आहे.

दर मजुरीचा की मालासह, खोदाई, कडेचे बांध व राबिट उचलणे त्यात धरले आहे काय, हे लिहून घ्यावे. वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही केली तरी चालते. ठेकेदार जीएसटी लावत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर पाहावा. नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही.

ठेकेदार नात्यातला असला की कागद मागायला संकोच वाटतो. चाचांच्या मुलाकडे पावती कशी मागायची? पण आमच्या मते नात्यातच कागद अधिक हवा. परदेशातून पैसे पाठवणाऱ्याच्या घरी म्हातारे वडील किंवा पत्नी असते. त्यांना रोज वाद घालायला लावणे बरे नव्हे. त्यापेक्षा हप्ते कामाशी बांधावेत. थोडी उचल सुरुवातीला. पुढचा हप्ता खडीचा थर दाबून झाल्यावर, त्यात उभ्या टेपचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यानंतरच. आणि सुमारे दहावा हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. चांगला ठेकेदार याला सहसा नाही म्हणत नाही, मात्र ही अट दर ठरवतानाच सांगावी. काम संपल्यावर सांगणे अन्यायाचे होईल. इतके करूनही फसगत झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तो कागद, पावत्या व फोटोच कामाला येतात.

निगा फारशी नाही. पाऊस संपला की सांध्यांतील वाहून गेलेली रेती पुन्हा भरावी, गवत मुळासकट उपटावे. शेवाळ कडक ब्रशने घासून काढावे. अ‍ॅसिड ओतू नये, ते सिमेंट खाते. जोराच्या फवाऱ्याने सांधे मोकळे होतात. एखादी जागा खचली तर तेवढेच ब्लॉक उचलून खाली भर घालून पुन्हा बसवता येतात. त्यासाठी त्याच मालातले वीस-पंचवीस ब्लॉक पडवीत ठेवून द्यावेत. पुढे तोच रंग मिळत नाही.