प्रमुखाला सगळं छानच दिसतं

श्रावण सरत आला की निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीची कामं वाटली जातात. वर्गणी, मांडव, प्रसाद, विसर्जनाचा टेम्पो. माणसं दरवर्षी तीच. तरी एखाद्या वर्षी सगळे हौसेने राबतात, तर एखाद्या वर्षी तिसऱ्याच दिवशी चेहरे उतरतात. प्रमुख कसा बोलतो, यावर त्यातलं बरंच अवलंबून असतं.

गैरसमज : दरडावल्याशिवाय कामं होत नाहीत.
कुर्ट लुइन, लिपिट आणि व्हाइट यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या मंडळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलं मुखवटे बनवत होती. हुकूम सोडणाऱ्या म्होरक्याच्या हाताखाली काम भरपूर झालं, हे खरंच. पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. विचारून ठरवणाऱ्याच्या मागे मात्र काम चालू राहायचं. २० पैकी १९ मुलांना हाच म्होरक्या आवडला. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणाऱ्याच्या गटात काम सर्वांत कमी झालं. तेव्हा मोकळीक देणं म्हणजे अंग काढून घेणं, हाही गैरसमजच.

गैरसमज : लोक नाराज असते तर मला कळलं असतं.
मला हा सर्वांत घातक वाटतो. हॅरॉल्ड लेविट यांनी १९५१ मध्ये पाच-पाच जणांचे गट चिठ्ठ्यांवर कोडी सोडवायला बसवले. काही गटांत सगळ्या चिठ्ठ्या मधल्या एकाकडेच जायच्या. काहींत त्या गोलाने शेजाऱ्याकडे फिरायच्या. गोलातल्यांच्या चुका जास्त झाल्या, तरी समाधानी तेच. पहिल्या रचनेत मधला माणूस खूश आणि कडेचे कंटाळलेले. म्हणजे प्रमुखाला सगळं छान वाटतं, ते तो मध्ये बसलेला असतो म्हणून. विसर्जनाच्या गर्दीत एकाचाच आवाज हवा, हे मान्य. पण दहाही दिवस तसंच चालत नाही.

गेल्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरतीची वेळ बदलल्याचा निरोप आला. खाली अकरा अंगठे. प्रसाद करणाऱ्या काकू ग्रुपवर नव्हत्याच. त्यांना ते वॉचमनकडून कळलं, तेव्हा शिरा अजून कढईत होता. त्या भांडल्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत.

यंदा बैठकीत प्रमुखाने शेवटी बोलायचं ठरलं. काकूंना पहिल्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, “साडेसातला सुना ऑफिसातून आलेल्याच नसतात रे.”

आरती साडेआठची ठरली.