बालवाडीतील बोल : हसण्यापूर्वी ऐकावे

अंधेरी-बोरिवलीकडील बालवाडीत आगगाडीचा खेळ हमखास रंगतो. एकमेकांचे सदरे धरून मुलांची रांग निघते, 'पुढील स्टेशन अंधेरी' अशी घोषणा होते आणि गाडी मध्येच थांबते. गाडी का थांबली, असे बाईंनी विचारावे, तर उत्तर मिळते, "तिला शू लागली आहे." धिमी लोकल धिमी का, तर 'तिचे पाय दुखतात' म्हणून! हिंदी भाषक घरातील मुलाला 'गोंगाट कोणी केला?' असे विचारले, तर ते बिचारे इकडेतिकडे पाहून केळे शोधू लागते. कारण त्याच्या घरी 'केला' म्हणजे केळे. आणि डब्यातील पोळीचे दोन तुकडे करून मिळालेले मूल शेजाऱ्याला ऐटीत सांगते, "माझ्या दोन, तुझी एकच!"

असे बोल कोणत्याही बालवाडीत, गावी असो वा उपनगरात, थोड्याफार फरकाने ऐकू येतात. आगगाडीच्या जागी बैलगाडी येते आणि पोळीच्या जागी भाकरी येते, एवढेच. ऐकणाऱ्यास हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु शिक्षकाने हसून तेथेच थांबू नये. या बोलांत मुलाच्या विचाराची रीत उघडी पडलेली असते व ती ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे.

प्रथम भाषेचे उदाहरण घेऊ. तीन-चार वर्षांचे मूल 'मी काम करले', 'त्याला देले' असे म्हणते. घरात असे कोणी बोलत नाही. मग मूल हे कोठून शिकले? 'धर'चे 'धरले' होते, 'भर'चे 'भरले' होते. तेव्हा 'कर'चे 'करले' व्हावयास हवे, असा नियम त्याने स्वतःच काढला. म्हणजे 'करले' ही चूक पाठांतराची नसून बुद्धीची खूण आहे. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे बनावट नाव सांगितले होते. तो शब्द पूर्वी कधीही ऐकलेला नसताना बहुतेक मुलांनी त्याचे अनेकवचन नियमाप्रमाणे केले. मूल केवळ पोपटपंची करीत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

काळाच्या शब्दांचेही असेच आहे. 'मी उद्या मामाकडे गेलो होतो' हे वाक्य ऐकून वर्ग हसतो. पण 'परवा' हा शब्द मोठी माणसेही मागच्या आणि पुढच्या, अशा दोन्ही दिवसांस लावतात. हिंदीत तर 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. आज नव्हे तो दुसरा दिवस, एवढे मुलाला कळले आहे. तो कोणत्या बाजूचा, हे अजून पक्के व्हावयाचे आहे.

पाय दुखणारी गाडी आणि आपल्याबरोबर चालणारा चंद्र यांविषयी स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२६ च्या ग्रंथात विवेचन केले आहे. जे हलते ते जिवंत, आणि जे जिवंत ते आपल्यासारखेच, असे लहान मूल धरून चालते. पोळीच्या बाबतीत ते तुकड्यांची संख्या पाहते. तुकडे जोडले तर एकच पोळी होईल, हे त्यास पुढे सुचते. याविषयी एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोठ्या माणसाने तोच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला, तर पहिले उत्तर चुकले असावे असे समजून मूल ते बदलते. तेव्हा एका उत्तरावरून मुलाची परीक्षा करू नये.

ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नाही. बोरिवलीहून गुजरातच्या दिशेने जाणाऱ्या याच लोहमार्गावर, घोलवड स्थानकाजवळ बोर्डी गाव आहे. तेथे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' उभी राहिली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील साधने होती. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोगही तेथे झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचले. मुलाकडे आपण जावयाचे, हेच या सर्व कार्याचे सूत्र होय. पायांनी त्याच्या अंगणापर्यंत जावे, तसेच मनाने त्याच्या बोलापर्यंतही जावे.

याची निकड पहिल्या इयत्तेत अधिक भासते. बालवाडीत अखंड बोलणारे मूल प्राथमिक शाळेत येताच मुके होते, असे अनेकदा दिसते. त्याचा एखादा शब्द घरच्या बोलीतला असतो. वर्ग हसतो, गुरुजीही हसतात. मूल एकदा हसले गेले की दुसऱ्यांदा तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करते आणि तिसऱ्यांदा उघडतच नाही. पुढे त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा बसतो. वास्तविक उणीव बुद्धीची नसते. ते वर्गाला भ्यालेले असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणून बालवाडीतील बोल ही पहिलीच्या शिक्षकाचीही जबाबदारी ठरते.

यास्तव पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. मूल 'मी देले' म्हणाले, तर 'चूक' म्हणू नये. 'अरे वा, तू दिलेस! कोणाला दिलेस?' असे म्हणावे. योग्य रूप कानावर पडते आणि बोलणे चालू राहते. 'असे का वाटते?' हा प्रश्न उलटतपासणीसारखा न विचारता कुतूहलाने विचारावा. भाकरीचे तुकडे मुलाकडूनच पुन्हा जुळवून घ्यावेत. घरच्या बोलीतील शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी मानाने लिहावा. मुलाचे बोल पाहुण्यांपुढे किंवा पालकांपुढे करमणूक म्हणून त्याच्यादेखत सांगू नयेत. मेजावर एक साधी वही ठेवून त्यात दिवसाकाठी एखादा बोल, तारखेसह व मुलाच्याच शब्दांत, टिपावा. वर्षअखेर ती वही चाळली असता 'करले'चे 'केले' कधी झाले, हे शिक्षकास दिसेल; आणि कोणत्या मुलाचे पान कोरे राहिले, हेही दिसेल.

त्या कोऱ्या पानाच्या मुलाजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम जाऊन बसावे.